भाच्याला जागा लागणार होती

ताई, स. न. वि. वि.

माझं वय ६८, राहणार ठाणे. ह्यांनी व्हीआरएसच्या पैशातून आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये, वन बीएचके घेऊन ठेवला होता. हे गेल्यापासून त्याच्या भाड्यावरच माझं चालतं. एप्रिलमध्ये जुने भाडेकरू गेले आणि नाक्यावरच्या एजंटने एक कुटुंब आणलं. नवरा-बायको आणि दुसरीतली मुलगी. बाई पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. चपला बाहेर काढून आत आल्या, स्वयंपाकघरातला नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, ओट्याची उंची हाताने मापली. "मी बुटकी आहे, हा ओटा बरा पडेल," म्हणाल्या. मला आवडल्या. भाडंही ठरलं. मग एजंटने आधारकार्डाच्या झेरॉक्स हातात दिल्या. आडनाव वाचलं तेव्हा कळलं की मुसलमान आहेत. त्याच संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला, "कमिटीला चालणार नाही, बघा बुवा." मी एजंटला सांगितलं, माझ्या भाच्याला अचानक जागा लागणार आहे. मला भाचा नाही.

जागा तीन महिने रिकामी पडली. जुलैत शुगर तपासायला लॅबमध्ये गेले तर रक्त काढायला त्याच बाई. दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, जराही दुखू दिलं नाही. कापूस दाबून धरत म्हणाल्या, "काकू, भाचे आले का राहायला?" त्यात टोमणा होता की नाही, अजून कळलेलं नाही. मी "हो" म्हटलं.

मुलगी म्हणते, आई, तू घटनेच्या विरुद्ध वागलीस. मुलगा लेस्टरला असतो, तो म्हणतो, घर आपलं, कोणाला द्यायचं तो आपला हक्क. सेक्रेटरींनी ग्रुपवर सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल टाकलाय की सोसायटीला माणसं निवडायचा अधिकार आहे. खरं कोणाचं? मी गुन्हा केला का? आणि आता काय करू?

— एक घरमालकीण

———

नमस्कार.

तुम्ही गुन्हा केलेला नाही. ही ओळ कापून मुलाला पाठवायची घाई मात्र करू नका, पुढचं वाचून होऊ द्या.

तुमच्या मुलीचा राग मला आवडला, पण तिचं कायद्याचं वाचन थोडं कच्चं आहे. घटनेचं पंधरावं कलम धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं हे खरं. पण ती मनाई आहे कोणाला? राज्याला. म्हणजे सरकार, महापालिका, सरकारी शाळा, म्हाडा. म्हाडाने सोडतीत तुमच्यासारखं केलं असतं तर कोर्टात एक दिवस टिकलं नसतं. तुम्ही म्हाडा नाही. तुम्ही एक बाई आहात आणि तुमच्याकडे एक फ्लॅट आहे.

त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात मात्र तुमच्याआमच्यासारख्यांनाही बांधलेलं आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, आणि पुढे विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते. या यादीत कोणी कोणाला अडवायचं नाही. यादी वाचताना मला दर वेळी महाडचं चवदार तळं दिसतं, कारण त्याच पाण्यातून ती वर आलेली आहे. पण यादीत घर नाही. भाड्याची खोली नाही. घटना तुमच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथे थांबते.

थांबते ती सगळ्यांसाठी नाही, हेही सांगून ठेवते, कारण वकिलांनासुद्धा हे चटकन आठवत नाही. तुम्ही त्या बाईंना अस्पृश्यतेच्या भावनेतून नाकारलं असतंत, तर घटनेचं सतरावं कलम थेट तुमच्या दारात आलं असतं; नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मध्ये कुठल्याही वस्तीत घर घेण्या-राहण्याला त्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. त्यांना एचआयव्ही आहे म्हणून नाकारलं असतंत, तर २०१७ चा कायदा आड आला असता. त्या तृतीयपंथी असत्या तर २०१९ चा. या तीन ठिकाणी संसदेने घरमालकाला स्पष्ट सांगितलंय की हे कारण चालणार नाही. धर्माबद्दल, मासे-मटणाबद्दल, लग्न झालंय की नाही याबद्दल असा कायदा नाही. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये लोकसभेत भेदभावविरोधी खाजगी विधेयक मांडलं होतं. खाजगी विधेयकांचं बहुधा जे होतं तेच त्याचं झालं, मंजूर न होताच ते संपलं.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे, तो चालेल का, असं मुलगी विचारेल. तो इथे बसत नाही. जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकू नये म्हणून तो केलेला आहे. एकाच समाजातल्या माणसांमध्ये जे चालतं त्यापुरता तो आहे.

आता सेक्रेटरींचा निकाल. निकाल खरा आहे. अहमदाबादची पारशी लोकांची एक गृहनिर्माण संस्था, १९२६ मध्ये नोंदलेली. सभासद फक्त पारशी असावा असा तिचा उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये तो वैध ठरवला. युक्तिवाद असा, की संस्था म्हणजे राज्य नव्हे, म्हणून मूलभूत हक्कांचं प्रकरण तिला लागत नाही, आणि चार समविचारी माणसांनी एकत्र यावं हासुद्धा घटनेनेच दिलेला हक्क आहे. मला हा निकाल पटलेला नाही, पण तो आहे. आणि इतिहास पाहिला तर आपल्याकडची सहकारी घरबांधणी सुरूच अशी झाली. गावदेवीतली सारस्वत सोसायटी १९१५ ची. एका समाजातल्या भाड्याने गांजलेल्या कारकुनांना परवडेल असं घर मिळावं म्हणून काढलेली. तेव्हा त्यात कोणाला वाईट वाटलं नसणार. पुढे अशाच एकेक कुंपणाने शहरं विभागली गेली, ते वेगळं.

पण सेक्रेटरींना विचारा: आपल्या सोसायटीच्या उपविधीत "फक्त अमुक धर्माचे" असं कुठे लिहिलंय? नाही ना? मग अहमदाबादचा निकाल तुमच्या कामाचा नाही. शिवाय तो सभासदत्वाबद्दल होता. तुम्ही फ्लॅट विकत नव्हता, भाड्याने देत होता. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार त्यासाठी सोसायटीची परवानगी लागतच नाही. आठ दिवस आधी कळवायचं, करारनाम्याची प्रत आणि पोलीस ठाण्यात केलेल्या नोंदीची प्रत द्यायची, संपलं. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ती पुस्तिका एकदा मागून बघा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही. पुढच्या वेळी फोन आला की एवढंच म्हणा, "भाऊ, लेखी द्या." नाही देणार. असल्या गोष्टी फोनवरच का सांगतात, ते त्यांनाही माहीत असतं. दिलंच, तर तो कागद घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जायचं.

हे लिहिणं सोपं आहे याची मला जाणीव आहे. तुम्ही एकट्या राहता. लिफ्ट बंद पडली, रात्री शुगर उतरली, तर सेक्रेटरीच धावून येणार आहेत, उपनिबंधक नाही. आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी वार्षिक सभेत ठराव आला, बॅचलर मुलामुलींना जागा द्यायची नाही. मी वकील. उपविधींपुढे असा ठराव टिकत नाही हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आणि वकिलीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एकटी खोली शोधत फिरले होते, "एकट्याच का?" हा प्रश्न सात-आठ दारांत ऐकला होता. सभेत मी काय केलं? अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? मी समोरच्या बशीतला वेफर खाल्ला. ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हा सेक्रेटरींच्या फोनपुढे तुम्ही का नमलात, हे मला वेगळं समजावून सांगायला नको.

आता तुमच्या मुलाकडे येते. "घर आपलं, हक्क आपला" हे तो लेस्टरमधून म्हणतोय. तिथे घर भाड्याने घेतलंय की विकत, मला माहीत नाही, पण घर देणाऱ्याने "भारतीय नको" म्हणून त्याला परत पाठवलं तर ते बेकायदा ठरेल. इंग्लंडमध्ये हे १९६८ पासून आहे. त्याआधी खिडक्यांत पाट्या असायच्या, काळे नकोत, आयरिश नकोत. त्या काळ्यांत आपलीही माणसं धरलेली होती. अमेरिकेनेही त्याच १९६८ साली असा कायदा केला, पण त्यात एक खिडकी ठेवली: मालक स्वतः राहत असेल अशा लहान, चार घरांपर्यंतच्या इमारतीला सूट. म्हणजे ज्या बाईच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे भाडेकरू झोपणार, तिला थोडी मोकळीक.

ही सूट मला पटते. माणसाचं राहतं घर ही त्याची खाजगी जागा आहे, आणि तिथे कोण यावं हे सरकारने ठरवू नये. खाजगीपणाची ही भिंत कधीकधी आपल्या बाजूनेही उभी राहते. राज्याबाहेर कापलेलं गोमांस घरात बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केलं, ते याच तत्त्वावर. तुम्हाला त्या खाण्याचं काही नसेल, तरी जे तत्त्व त्या कुटुंबाचा डबा झाकतं तेच तुमचा देव्हारा झाकतं.

पण बी विंगमधला तो फ्लॅट तुमचं राहतं घर नव्हे. तुम्ही तो एजंटकडे दिलात. त्याने फोटो काढले, "वन बीएचके, सेमी फर्निश्ड, स्टेशनपासून दहा मिनिटं" असं लिहून पन्नास ग्रुपवर टाकलं. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा चालू असताना प्रश्न आला होता, की या कलमातलं दुकान म्हणजे काय? न्हावी, डॉक्टर, धोबी यात येतात का? बाबासाहेबांनी अर्थ फार रुंद सांगितला. जो कोणी येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक जिथे तयार बसलेला असतो, ते दुकान. आता तुमचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. कोर्टाने अजून भाड्याच्या घराला दुकान म्हटलेलं नाही, आणि मी म्हणते म्हणून ते होणारही नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं, की स्वातंत्र्यांचं एकोणिसावं आणि जीविताच्या हक्काचं एकविसावं कलम खाजगी माणसांविरुद्धही वापरता येतं. त्यातून उद्या काही निघेल, न निघेल. पण माझं मत विचाराल तर बाजारात उतरवलेलं घर आणि राहतं घर यांत फरक करणारा कायदा आपल्याकडे व्हायला हवा. तो झाला तर तुमच्या वेळी जे घडलं ते बेकायदा ठरेल, आणि सेक्रेटरींना "कायदा आडवा येतो हो, माझा इलाज नाही" असं सांगायची तुमची सोय होईल. कायद्याचा हाही एक उपयोग असतो, भित्र्या चांगुलपणाला आडोसा.

तोवर काय, हा तुमचा खरा प्रश्न. तुमच्या पत्रात "गुन्हा" हा शब्द एकदा आहे आणि भाचा तीनदा. कायद्याने तुम्हाला काही विचारलंच नव्हतं, तरी तुम्ही खोटं का बोललात? "मी मुसलमानांना जागा देत नाही" असं सरळ सांगायला कायद्याची बंदी नव्हती. तुमचा मुलगा म्हणतो तसा हक्क होता ना? मग तो वापरताना भाचा कशाला जन्माला घालावा लागला?

महाडचं तळं आलंच आहे तर तेवढं सांगते. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केलं होतं. कागदावर सगळं झालेलं. पण पाणी प्यायला कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तर गावाने तळं शुद्ध करून घेतलं. आणि मग काय केलं? गावातले सवर्ण कोर्टात गेले, तळं मुळी सार्वजनिक नाहीच म्हणून. म्हणजे तुमच्या मुलाचंच वाक्य: ते आपलं आहे, कोणाला द्यायचं ते आपण ठरवू. तो दावा दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तो कायमचा मोडीत काढला. पुढे पुण्यात, १९४३ साली, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बाबासाहेब जे बोलले त्याचा आशय असा, की हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते. समाजाचाच विरोध असेल तर कायदा, संसद, न्यायालय, कोणीच खात्री देऊ शकत नाही. जो माणूस पुढे घटनेचा मसुदा घडवणार होता त्याने हे आधीच सांगून ठेवलं होतं. तुमच्या घरात ती बुद्धी आहे, म्हणून तर हे पत्र आलं.

जागा अजून रिकामी असेल तर एजंटला सांगा, काम, पगार, किती माणसं, कुठून आलात एवढं विचार आणि सगळ्यांना दाखव. भाडेकरू जागा सोडणार नाही, ही भीती तुमच्या मनात कुठेतरी असणारच. ती सगळ्याच घरमालकांना सगळ्याच भाडेकरूंबद्दल असते. तिच्यावर उपाय आडनाव बघणं हा नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवून घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवला नाहीत तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळाचं भाडं दुपटीने मागता येतं. अनेक मालक करार नोंदवायचा कंटाळा करतात आणि देवाधर्माची चौकशी मात्र तास-तास करतात.

त्या बाईंचं काय करायचं, हे मी लांबवत आणलं कारण त्याला कलम नाही. भाड्याचा निरोप पुन्हा एजंटमार्फत पाठवू नका. पत्ता काढून घरी मिठाई घेऊन तर मुळीच जाऊ नका. अपमान झालेल्याच्या दारात आपलं मन हलकं करायला जाणं हा दुसरा अपमान असतो. त्यांनी एव्हाना दुसरीकडे घर घेतलं असेल, मुलीची शाळा सुरू झाली असेल. तुमच्या माफीची त्यांना गरज असेलच असं नाही, आणि त्या माफ करतीलच असंही नाही.

पण त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता आणि तुम्ही त्याचं उत्तर खोटं दिलंत. तेवढं दुरुस्त करता येईल. शुगरची पुढची तपासणी तीन महिन्यांनी, म्हणजे ऑक्टोबरात असेल. त्याच असल्या, तर कापूस दाबून धरतील तेव्हा सांगा, मला भाचा नाही. पुढचं वाक्य तेव्हा सुचेल तसं बोला. फक्त रांग लागायच्या आत, सकाळी सात-साडेसातला जा. तुमचंही पोट उपाशी असतं आणि त्यांच्याकडेही ऐकायला दोन मिनिटं असतात.